वेग गाडीचा की ट्रॅकचा?

२००८ साली ब्रिटनमध्ये स्केलेक्स्ट्रिक कंपनीच्या होंडा फॉर्म्युला वनच्या एका छोट्या प्रतिकृतीनं ताशी १,५८३ किलोमीटर वेग गाठल्याची नोंद गिनीज बुकात झाली. तळहातावर मावणारी गाडी आवाजाच्याही पुढे धावली, असं या आकड्यावरून वाटतं. प्रत्यक्षात ती गाडी ताशी साधारण साडेएकोणपन्नास किलोमीटर वेगानं धावली होती. मूळ गाडीच्या १/३२ आकाराची ती प्रतिकृती होती, म्हणून तिच्या खऱ्या वेगाला ३२ नं गुणलं आणि १,५८३ हा आकडा आला. गिनीजनं काही लपवलं नव्हतं. हा प्रमाणानुसार गुणून काढलेला वेग आहे, असं नोंदीतच म्हटलं आहे. पण स्लॉट कारच्या जगात हा गुणाकार इतका मुरलेला आहे की वेगाची तुलना करायची तर ती अशीच करायची, असं बहुतेकांनी धरून ठेवलं आहे. या प्रकरणात मला त्यालाच हरकत घ्यायची आहे. स्लॉट कारचा वेग हा एकट्या गाडीचा गुण नाही. गाडी, ट्रॅक, वीज, टायर आणि लेन या सगळ्यांचा मिळून तो तयार होतो. यातली एक गोष्ट बदलली की आकडा बदलतो. म्हणून एका ट्रॅकवरचा आकडा उचलून दुसऱ्या ट्रॅकवरच्या आकड्याशेजारी ठेवला, तर त्यातून जवळजवळ काहीच कळत नाही. तुलना करता येते, पण तिची रीत वेगळी आहे.

आधी ही गाडी चालते कशी ते पाहू. ट्रॅकमध्ये प्रत्येक गाडीसाठी एक अरुंद खाच असते. गाडीच्या पोटाखाली, पुढच्या बाजूला गाइड नावाची प्लास्टिकची छोटी पाती असते; ती खाचेत उतरते आणि गाडीला वाट दाखवते. गाइडच्या दोन्ही अंगांना तांब्याच्या बारीक तारांच्या विणलेल्या चपट्या पट्ट्या असतात. त्या खाचेच्या दोन्ही बाजूंच्या धातूच्या पट्ट्यांवर घासत जातात आणि त्यातून मोटरला वीज मिळते. खेळणाऱ्याच्या हातात असतो फक्त एक ट्रिगर. तो दाबला की मोटरला जास्त वीज मिळते. चांगल्या कंट्रोलरमध्ये तो पूर्ण सोडला की मोटरची दोन्ही टोकं एकमेकांना जोडली जातात, मोटर क्षणभर जनित्रासारखी वागते आणि गाडीला ब्रेक लागतो. स्टिअरिंग नसतंच. त्यामुळे सगळं कौशल्य एकवटतं ते वळणाच्या तोंडाशी वेग किती ठेवायचा या एका निर्णयात. तो चुकला की मागची चाकं बाहेर घसरतात, गाइड खाचेतून सुटते आणि गाडी ट्रॅकबाहेर जाते. फ्रेड फ्रान्सिस यांच्या मिनिमॉडेल्स कंपनीनं १९५७ च्या जानेवारीत हॅरोगेटच्या खेळण्यांच्या प्रदर्शनात स्केलेक्स्ट्रिक मांडलं, आणि ब्रिटनमधल्या घराघरांत हा खेळ पोचला. १९६० च्या दशकात अमेरिकेत त्याची वेगळीच लाट आली. आठ-आठ लेनचे लांबलचक ट्रॅक असलेली व्यावसायिक रेसवे केंद्रं गावोगाव उघडली. म्हणजे हा खेळ सुरुवातीपासूनच दोन ठिकाणी वाढला, घरातल्या जमिनीवर आणि भाड्यानं मिळणाऱ्या मोठ्या ट्रॅकवर. वेगाच्या तुलनेचा घोळ तिथूनच सुरू होतो.

आकारही एक नाही. व्यावसायिक ट्रॅकवर मुख्यतः १/२४ च्या गाड्या धावतात, घरी आणि क्लबांत १/३२ च्या, आणि त्याहून लहान असतात त्या एचओ गाड्या. आता असं समजा की या तिन्ही आकारांच्या गाड्या सेकंदाला बरोबर ३ मीटर, म्हणजे ताशी १०.८ किलोमीटर वेगानं धावत आहेत. शेजारी शेजारी सोडल्या तर तिघी एकाच वेळी रेषा ओलांडतील. पण गुणाकार केला की १/२४ ची गाडी होते ताशी २५९ किलोमीटरची, १/३२ ची ३४६ ची आणि एचओची, ती १/६४ धरली तर, ६९१ ची. गाडी जितकी लहान तितकी तिची बढाई मोठी, असा हा हिशेब आहे. त्यात एचओ गाड्यांचा नेमका आकार कोणता, यावरही एकमत नाही. एचओ हे नाव छोट्या रेल्वेगाड्यांच्या १/८७ प्रमाणावरून आलं, पण या नावाखाली विकल्या जाणाऱ्या बऱ्याच स्लॉट कार १/६४ च्या आसपास असतात. तीच गाडी, तोच खरा वेग, पण ६४ ऐवजी ८७ नं गुणलं की ती थेट ताशी ९४० किलोमीटरवर जाते. डब्यावर कोणता अपूर्णांक छापला आहे त्यावर वेग ठरत असेल, तर ते वेगाचं मोजमाप राहत नाही.

यापेक्षाही मोठा दोष वळणावर दिसतो. १/३२ ची साधी, चुंबक नसलेली गाडी घ्या आणि ३० सेंटिमीटर त्रिज्येचं सपाट वळण घ्या. टायरची पकड गाडीच्या वजनाइतकी, म्हणजे घर्षणांक १ धरला, तर गाडी न घसरता जास्तीत जास्त सेकंदाला १.७१ मीटर वेगानं वळू शकते. हे ताशी सव्वासहा किलोमीटरही नाही. ३२ नं गुणलं तर ताशी १९८ किलोमीटर. पण त्याच प्रमाणात मोठं केलेलं वळण ९.६ मीटर त्रिज्येचं होतं. इतक्या आखूड वळणावर खरी गाडी ताशी १९८ किलोमीटरनं न्यायची, तर तिच्या टायरांना तिच्या वजनाच्या ३२ पट बल पेलावं लागेल. असा टायर पृथ्वीवर नाही. तेवढीच पकड असलेली खरी गाडी त्या वळणावर ताशी ३५ किलोमीटरच्या पुढे जाऊ शकत नाही. हा ३५ चा आकडा छोट्या गाडीच्या वेगातून कसा काढायचा? ३२ नं गुणून नव्हे, तर ३२ च्या वर्गमुळानं, म्हणजे ५.६६ नं गुणून. हा योगायोग नाही. गाडी लहान केली म्हणून गुरुत्वाकर्षण लहान होत नाही, आणि गुरुत्वाकर्षणावर चालणाऱ्या प्रत्येक गोष्टीत लांबी ज्या प्रमाणात बदलते त्याच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वेग बदलतो. लहान वस्तू ही मोठ्या वस्तूची नुसती आक्रसलेली नक्कल नसते, हे गॅलिलिओनं १६३८ च्या आपल्या ग्रंथात प्राण्यांच्या हाडांचं उदाहरण देऊन मांडलं होतं. विल्यम फ्रूड या इंग्रज अभियंत्यानं १८७० च्या दशकात टॉर्की इथं हौद बांधला, त्यात जहाजांच्या छोट्या प्रतिकृती ओढून पाहिल्या आणि त्यावरून मोठ्या जहाजांना लागणारं बल काढून दाखवलं. त्यानंही वेगासाठी हेच वर्गमूळ वापरलं. जहाजबांधणीत हा नियम आजही रोजच्या वापरात आहे. खेळण्यातल्या गाडीला तो लागू न करण्याचं काही कारण मला दिसत नाही.

इथे एक आक्षेप येतो, आणि तो हलक्यानं घेण्यासारखा नाही. डोळ्यांना तर गाडी भन्नाटच दिसते. आपल्या लांबीच्या कितीतरी पट अंतर ती एका सेकंदात कापते, आणि पाहणाऱ्याला जे भासतं तेच गुणाकार सांगतो. मग तो खोटा कसा? भासाचं वर्णन म्हणून तो खोटा नाहीच. गाडीच्या लांबीच्या मापात वेग मोजायचा असेल तर ३२ नंच गुणावं लागेल. पण लहान गाडी डोळ्यांना खेळण्यातली वाटते तीही त्याच कारणानं. तिच्या सगळ्या हालचाली, घसरणं, उडणं, आदळणं, खऱ्या गाडीच्या मानानं फार झटपट होतात. सिनेमात छोट्या प्रतिकृतींचे प्रसंग चित्रित करणाऱ्यांना ही अडचण जुनी आहे, आणि त्यांचा तोडगाही ठरलेला आहे. प्रतिकृती १/४ आकाराची असेल तर ते दुप्पट गतीनं चित्रण करतात, म्हणजे पडद्यावर सगळं निम्म्या वेगानं घडतं आणि कोसळणारी भिंत खऱ्या भिंतीसारखी जड वाटते. चारचं वर्गमूळ दोन. प्रेक्षकाचा डोळासुद्धा खरेपणा वर्गमुळानंच ओळखतो, हे त्यांनी अनुभवातून शोधून काढलं. या हिशेबानं पाहिलं तर सुरुवातीच्या नोंदीतले ताशी साडेएकोणपन्नास किलोमीटर खऱ्या गाडीच्या भाषेत ताशी २८० किलोमीटर होतात. फॉर्म्युला वनची गाडी सरळ रस्त्यावर यापेक्षा थोडी अधिकच पळते. त्या छोट्या गाडीनं केलेली कामगिरी मला १,५८३ पेक्षा २८० या आकड्यात जास्त मोठी वाटते, कारण हा आकडा खऱ्या गाडीशेजारी ठेवता येतो.

मात्र वर्गमूळ काढलं की सगळं सुटलं, असंही नाही. हा नियम गृहीत धरतो की गाडीला ट्रॅकवर दाबून ठेवणारं बल फक्त तिचं वजन आहे. १९७० च्या दशकात अमेरिकेतल्या एचओ गाड्यांनी हे गृहीतक मोडलं. मोटरजवळची चुंबकं ट्रॅकच्या लोखंडी पट्ट्यांना खेचतील अशी खाली आणली गेली आणि गाडी ट्रॅकला चिकटल्यासारखी धावू लागली. पुढे १/३२ च्या गाड्यांतही चुंबक आलं. समजा, चुंबकाची ओढ गाडीच्या वजनाच्या तिप्पट आहे. मग चाकांवरचा एकूण दाब चौपट झाला आणि वळणावरचा वेग थेट दुप्पट. आता हीच गाडी लाकडी ट्रॅकवर ठेवा. तिथे खाचेच्या बाजूला तांब्याची पट्टी असते, आणि तांब्याला चुंबक धरत नाही. गाडी तीच, मोटर तीच, टायर तेच, पण वळणावरचा वेग निम्मा. या गाडीचा 'वेग' कोणता म्हणायचा? ज्याला वाटतं की वेग गाडीत असतो, त्यानं या एका उदाहरणाचं उत्तर द्यावं.

अमेरिकेतल्या मोठ्या ट्रॅकवर आणखी दोन गोष्टी कामाला येतात. तिथला सर्वांत प्रसिद्ध ट्रॅक म्हणजे ब्लू किंग. आठ लेन, एका फेरीची लांबी १५५ फूट, म्हणजे ४७ मीटरच्या थोडं वर, आणि एक मोठं, आत कललेलं वळण, ज्यात गाडी जवळजवळ पूर्ण वेगात जाते. सर्वांत वेगवान गाड्या, म्हणजे १/२४ च्या विंग कार, ही फेरी दीड सेकंदाच्या आसपास पूर्ण करतात. थांबून हिशेब करून पाहण्यासारखी गोष्ट आहे. सरासरी वेग ताशी ११३ किलोमीटर, तोही वळणांसकट. ही खरी गती आहे, गुणलेली नाही. २४ नं गुणलं तर ताशी २,७०० किलोमीटरच्या वर जाणारा आकडा येतो, आणि वर्गमुळानं गुणलं तरी ५५० च्या वर. म्हणजे फ्रूडच्या नियमानंही ही गाडी वळणांच्या ट्रॅकवर धावणाऱ्या शर्यतीच्या कोणत्याही खऱ्या गाडीपेक्षा बरीच पुढे आहे. इथे नियम चुकत नाही, तो आपल्याला सांगतो की वजनाखेरीज दुसरं काहीतरी काम करतं आहे. पहिलं म्हणजे ग्लू. या ट्रॅकवर चिकट द्रव लावतात आणि मागचे टायर मऊ स्पंजी रबराचे असतात, त्यामुळे घर्षणांक १ च्या कितीतरी वर जातो. दुसरं म्हणजे हवा. विंग कारची बॉडी पातळ पारदर्शक प्लास्टिकची असते, जमिनीला घासेल इतकी खाली, बाजूंना उभ्या भिंती आणि मागे उंच उचललेला उतार. बॉडीचं क्षेत्रफळ साधारण १८ बाय ८ सेंटिमीटर आणि हवेच्या दाबाचा गुणांक अर्धा धरला, तर ताशी ११३ किलोमीटरला हवा या गाडीला सव्वाचारशे ग्रॅमच्या वजनाइतकं खाली दाबते. गाडीचं स्वतःचं वजन याच्या पाव हिश्शाहूनही कमी असतं. हीच बॉडी घरच्या ट्रॅकच्या वेगानं, म्हणजे एक-दशांश वेगानं पळवली, तर हवेचा दाब शंभर पटींनी कमी होऊन चार ग्रॅमवर येतो. घरच्या गाडीवरचा मागचा पंख त्यामुळे निव्वळ शोभेचा आहे. मोठ्या ट्रॅकवर तोच पंख गाडीला खाचेत टिकवतो. मला या खेळातली ही सर्वांत सुंदर गोष्ट वाटते. वेग वाढवला की पकड वाढते, आणि पकड वाढली की आणखी वेग घेता येतो, पण त्यासाठी आधी तेवढा वेग घेऊ देणारा ट्रॅक लागतो.

सरळ रेषेतला वेग तरी गाडीचा स्वतःचा मानता येईल का? घरच्या १/३२ च्या गाडीचा कागदावरचा हिशेब सोपा आहे. १२ व्होल्टला मिनिटाला २०,००० फेरे घेणारी मोटर, मोटरच्या दांड्यावर ९ दात्यांचं चक्र, चाकांच्या आसावर २७ दात्यांचं, आणि २० मिलिमीटर व्यासाचा टायर. चाक मिनिटाला ६,६६७ फेरे घेतं, प्रत्येक फेऱ्याला ६.२८ सेंटिमीटर पुढे जातं, म्हणजे सेकंदाला सुमारे ७ मीटर, ताशी २५ किलोमीटर. याच्यावर ही गाडी जाणार नाही. पण यातले २०,००० फेरे १२ व्होल्टचे आहेत. साडेतेरा व्होल्ट दिले तर तेच साडेबावीस हजार होतात. आणि वीजपुरवठ्यावर लिहिलेले व्होल्ट लांब ट्रॅकच्या पलीकडच्या टोकाला तसेच पोचत नाहीत. जोरकस मोटर जास्त प्रवाह ओढते आणि तारांमध्ये जास्त व्होल्ट गमावते. व्यावसायिक ट्रॅकवरचे क्लास तर मुळात आर्मेचरवरच्या तारेनं ठरतात. १६-डी या सुरुवातीच्या क्लासच्या आर्मेचरवर ३० गेजच्या तारेची ७० वेटोळी असतात, त्यावरच्या ग्रुप १२ मध्ये २९ गेजची ५०. गेजचा आकडा कमी म्हणजे तार जाड. वेटोळी कमी आणि तार जाड झाली की विजेला होणारा रोध उतरतो, प्रवाह वाढतो, फेरे वाढतात. वरच्या खुल्या क्लासांत वेटोळी आणखी कमी होतात. भरपूर प्रवाह देऊ शकणाऱ्या बॅटऱ्यांच्या ट्रॅकवर या दोन क्लासांत मोठं अंतर पडतं. किरकोळ अडॅप्टरवर चालणाऱ्या ट्रॅकवर वरच्या क्लासची मोटर अर्धपोटी राहते आणि अंतर आक्रसतं. म्हणजे सरळ रेषेतला वेगही अर्धा भिंतीवरच्या सॉकेटमधून येतो.

एकाच ट्रॅकवरच्या दोन लेनसुद्धा सारख्या नसतात. इथे वेग या कल्पनेचीच परीक्षा होते. दोन खाचांमध्ये ८ सेंटिमीटर अंतर आहे असं समजा, आतल्या वळणाची त्रिज्या २२ सेंटिमीटर आणि बाहेरच्याची ३०. दोन्ही गाड्यांची पकड सारखीच, घर्षणांक १. आतली गाडी जास्तीत जास्त सेकंदाला १.४७ मीटरनं वळेल, बाहेरची १.७१ मीटरनं. बाहेरची गाडी १७ टक्के अधिक वेगवान आहे. आता पूर्ण वर्तुळ घ्या. आतल्या गाडीला १.३८ मीटर अंतर आहे, बाहेरचीला १.८८ मीटर. आतली ते ०.९४ सेकंदात संपवते, बाहेरची १.१० सेकंदात. जास्त वेगानं जाणारी गाडी १७ टक्के जास्त वेळ घेते आणि हरते. दोन्ही गाड्यांच्या वेगांची अचूक तुलना करूनही कोण पुढे येणार हे आपल्याला सांगता आलं नसतं, उलट आपण चुकीचं उत्तर दिलं असतं. त्यातही मेख अशी की वळणानंतर लांब सरळ पट्टा आला तर बाहेरची गाडी तिथे जास्त वेग घेऊनच शिरते आणि गमावलेला वेळ काही अंशी भरून काढते. कोणती लेन चांगली, हे वळणाच्या पुढे काय आहे त्यावर ठरतं. अमेरिकन ट्रॅकवर लेनना रंग दिलेले असतात, लाल, पांढरा, हिरवा, नारिंगी, निळा, पिवळा, जांभळा आणि काळा, आणि टोकाच्या लाल आणि काळ्या लेनवर गाडी चालवणं अवघड समजतात. म्हणून शर्यतीत प्रत्येक स्पर्धक ठरावीक वेळ प्रत्येक लेनवर धावतो आणि सगळ्या लेनवरच्या फेऱ्यांची बेरीज करून निकाल लागतो. खेळणाऱ्यांनी या बाबतीत कधीच स्वतःची फसवणूक करून घेतली नाही. लेनचा वाटा किती असतो हे त्यांनी नियमातच बसवलं. ट्रॅकच्या बाबतीत मात्र तीच माणसं ताशी किलोमीटरचे आकडे एकमेकांना ऐकवतात.

मग क्लास आणि ट्रॅक यांची सरमिसळ सोडवायची कशी? एक साधं, मनानं रचलेलं उदाहरण घेऊ. पहिल्या ट्रॅकवर आठ सेकंदांच्या फेरीतले पाच सेकंद सरळ पट्ट्यांवर जातात आणि तीन वळणांवर. दुसऱ्या ट्रॅकवर फेरी आठच सेकंदांची, पण सरळ पट्ट्यांवर दोन सेकंद आणि वळणांवर सहा. आता वरच्या क्लासची अशी गाडी आणा, जी सरळ पट्ट्यावर सव्वापट वेगानं जाते, पण वळणावर जुन्या गाडीसारखीच आहे. पहिल्या ट्रॅकवर तिची फेरी सात सेकंदांची होईल, दुसऱ्यावर ७.६ सेकंदांची. एकीकडे साडेबारा टक्क्यांचा फायदा, दुसरीकडे पाच टक्क्यांचा. मोटर तीच. 'हा क्लास त्या क्लासपेक्षा किती वेगवान?' या प्रश्नाला त्यामुळे एक उत्तर नाहीच, 'कुठे?' हे विचारल्याशिवाय तो प्रश्न पुरा होत नाही. याच्या टोकाचं उदाहरण म्हणजे ड्रॅग रेसिंग. पाव मैलाला २४ नं भागलं की ५५ फूट येतात, आणि स्लॉट कारची ड्रॅगपट्टी तेवढीच असते. सर्वांत जोरकस गाड्या ती अर्ध्या सेकंदाच्या आत पार करतात. तिथे वळण नाही, म्हणून तिथली गाडी गोल ट्रॅकवर आणली तर पहिल्याच वळणावर तिचा सगळा मोठेपणा संपतो.

प्रॉक्सी रेस नावाची एक पद्धत या खेळात आहे, आणि मला ती सर्वांत उपयोगी वाटते. गाडी बांधणारा स्वतः जात नाही. गाडी पेटीत घालून पाठवतो. ती क्लबांमागून क्लब फिरते आणि प्रत्येक ठिकाणी तिथलेच चालक सगळ्या गाड्या तिथल्या ट्रॅकवर चालवतात. गाड्या कायम, चालक आणि ट्रॅक बदलते. प्रयोगशाळेतल्या प्रयोगाच्या इतकं जवळ या खेळात दुसरं काही येत नाही. आणि त्यातून दिसतं ते हेच की एका ठिकाणी पहिली आलेली गाडी दुसरीकडे मागे पडू शकते. फेरीचे सेकंद एका क्लबातून दुसऱ्यात नेता येत नाहीत, पण गाड्यांमधलं परस्परांचं अंतर बऱ्याच अंशी नेता येतं. तुलनेचा खरा मार्ग इथेच आहे. एक ठरलेली, साधी, सहज मिळणारी गाडी माप म्हणून घ्यावी, ठरावीक टायर आणि ठरावीक मोटरची, चुंबक काढलेली. प्रत्येक ट्रॅकवर तिची फेरी मोजावी आणि बाकीच्या गाड्यांची वेळ तिच्या वेळेच्या पटीत लिहावी. लाकडी ट्रॅकवर मापाच्या गाडीला ९ सेकंद लागले आणि नव्या गाडीला ८.१, तर नव्या गाडीचा आकडा ०.९०. प्लास्टिकच्या छोट्या, वळणदार ट्रॅकवर मापाच्या गाडीला ६ आणि नव्या गाडीला ५.७ लागले, तर ०.९५. ट्रॅकची लांबी, व्होल्ट, धूळ, त्या दिवसाची हवा, यातलं बरंचसं भागाकारात आपोआप निघून जातं. गाड्यांचं प्रमाण १/२४ की १/३२, हा प्रश्नही उरत नाही. क्रिकेटमध्ये एखाद्या फलंदाजाची खेळी जोखताना त्याच सामन्यात, त्याच खेळपट्टीवर बाकीच्यांनी किती धावा केल्या हे आपण पाहतोच, तसंच हे.

यावर जाणकार लगेच म्हणेल की ०.९० आणि ०.९५ हे आकडेही वेगळेच आले, मग फरक काय पडला? आक्षेप बरोबर आहे, पण या दोन आकड्यांतला फरक निरर्थक नाही. ताशी किलोमीटरमधला फरक ट्रॅकची लांबी, वीज, गाडी सगळ्यांचा गोळा असतो. पटीतला फरक सांगतो की या गाडीचा जोर सरळ पट्ट्यावर आहे आणि वळणदार ट्रॅकवर तो कमी उपयोगी पडतो. ही माहिती गाडीबद्दल आहे. ती आणखी स्पष्ट हवी असेल तर मापाच्या दोन गाड्या ठेवाव्यात, एक पकडीत चांगली पण मंद मोटरची, दुसरी जोरकस मोटरची पण साध्या टायरची. दोघींच्या वेळांचं गुणोत्तर प्रत्येक ट्रॅकचा स्वभाव सांगेल, तो मोटरला मानतो की टायरला. चुंबकाच्या गाड्यांचा हिशेब मात्र पूर्णपणे वेगळा ठेवायला हवा. त्यांची तुलना चुंबकाच्याच मापाच्या गाडीशी आणि लोखंडी पट्ट्यांच्याच ट्रॅकवर व्हावी, कारण तिथे पकड गाडीत नसून गाडी आणि पट्टी यांच्यामध्ये असते. दुसरा आक्षेप असा की चालक बदलला की वेळ बदलते. त्यावर उपाय एवढाच की मापाची गाडी आणि नवी गाडी एकाच चालकानं, एकाच बैठकीत, एकाच लेनवर चालवावी. ग्लू लावलेल्या ट्रॅकची पकड दिवसभरात बदलत जाते, म्हणून मापाची गाडी सुरुवातीला एकदा आणि शेवटी एकदा अशी दोनदा चालवावी. यात खर्च नाही, नवी यंत्रं नाहीत. सेकंदाचा हजारावा भाग मोजणारी यंत्रणा आज साध्या क्लबांतही असते.

तुलनेचा एवढा सोस कशाला, एका ट्रॅकवर शर्यत लावावी आणि कोण जिंकलं ते पाहावं, असंही कुणी म्हणेल. शर्यतीपुरतं ते पुरेसं आहे. पण क्लबांना नियम करावे लागतात. कोणत्या क्लासला कोणती मोटर द्यायची, नवख्याला कोणत्या गाडीपासून सुरुवात करायला सांगायचं, दोन क्लास एकाच शर्यतीत धावू द्यायचे की नाही, हे ठरवावं लागतं. दुसऱ्या गावचे आकडे वाचून हे निर्णय घेतले जातात, आणि ते आकडे ताशी किलोमीटरमध्ये किंवा नुसत्या सेकंदांत असतील तर निर्णय चुकतात. नवखा मुलगा खोक्यावरचा वेग वाचून जोरकस मोटरची गाडी घेतो, घरच्या आखूड वळणांवर ती दर फेरीला बाहेर पडते, आणि दोन आठवड्यांत खेळ माळ्यावर जातो. त्या मुलाला मंद मोटरची, चांगल्या टायरची गाडी मिळाली असती तर त्याच ट्रॅकवर त्याची फेरी कमी वेळात झाली असती आणि तो खेळत राहिला असता.

म्हणून जे क्लब आपल्या फेऱ्यांच्या वेळा प्रसिद्ध करतात त्यांना एकच विनंती आहे. गुणलेला वेग छापू नका. फेरीच्या वेळेबरोबर ट्रॅकची लांबी, पट्टी तांब्याची की लोखंडी, ट्रॅकवर मिळणारे व्होल्ट आणि लेन एवढं लिहा, आणि त्याखाली त्याच दिवशी त्याच लेनवर धावलेल्या मापाच्या गाडीची वेळ द्या.